गानमहर्षी अल्लादिया खांसाहेब

धनिकाचे धन गेले तर ते पुन्हा मिळविता येते. विद्वानाचे ग्रंथ जळाले तरी त्याची स्मृती शाबूत असते. परंतु ज्याचे सर्वस्व त्याच्या कंठात साठविलेले आहे, अशा गवयाचा आवाजच गेला तर त्याने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, त्या अल्लादिया खांसाहेबांचे चरित्र विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. आपल्या करवीर नगरीत त्यांच्या आयुष्याचे पाव शतकाहून अधिक काळ वास्तव्य घडले, हे त्यास आणखी एक कारण होय.

खांसाहेबांचा जन्म इ. स. १८५५ मध्ये राजपुतान्यातील उणियारा ह्या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे अलीगढ जिल्ह्यातील अत्रौलीचे. आपले पूर्वज ब्राह्मण असून ते नाथ विश्वंभर ह्यांचे वंशज होत, अशी आठवण ह्या मुसलमान घराण्यात पिढ्यानुपिढ्या सांगितली जात असे. बाळाचे नाव प्रथम गुलाम अहमद असे होते. पण आधीची अपत्ये जगली नव्हती, म्हणून ईश्वराने दिलेला ह्या अर्थी त्यास अल्लादिया म्हणू लागले व तेच नाव पुढे जगास ठाऊक झाले.

वडील अहमद खां हे गवई होते. परंतु मुलगा मोठा होण्यापूर्वीच त्यांचे छत्र नाहीसे झाले. तेव्हा चुलते जहांगीर खां ह्यांनी त्यास हाताशी धरिले. त्यांच्यापाशी अल्लादियांनी प्रथम धृपदाची व नंतर ख्यालाची तालीम वर्षानुवर्षे घेतली. एकेक पलटा शेकडो वेळा घोटावा, तेव्हा कोठे गुरूचे समाधान व्हावे, असा तो काळ होता. त्या वेळी जयपूर शहर थोर कलावंतांनी गजबजलेले होते. तेथे मुबारक अली खां ह्यांच्या पेचदार व बिकट ताना ऐकून तरुण अल्लादिया अत्यंत प्रभावित झाले. कानांवर पडलेले हे संस्कार पुढे अनपेक्षित प्रसंगी उपयोगी पडावयाचे होते.

शिक्षण संपवून खांसाहेब निरनिराळ्या दरबारी गाऊ लागले. त्यांचा कंठ त्या वेळी सुरेल व भरदार होता आणि कीर्ती वाढत होती. अशात आमलेटा संस्थानात त्यांचा मुक्काम पडला. तेथील अधिपतीस गाण्याचा विलक्षण शोक. त्यांच्या आग्रहास्तव खांसाहेबांस दिवसामागून दिवस अतोनात गावे लागले. त्या श्रमांनी आवाज बसला, आणि तो असा बसला की सुमारे दोन वर्षे त्यांस गाताच येईना. ज्या कंठावर कुटुंबाचा चरितार्थ, तोच मुका झाला! पुढे आवाज परत आला खरा, परंतु तो पूर्वीचा नव्हता. त्यातील आधीचा गोडवा गेला तो गेलाच.

दुसरा एखादा मनुष्य ह्या आघाताने खचून गेला असता, अथवा गेलेल्या आवाजाची नक्कल करीत उरलेले आयुष्य कंठिता. खांसाहेबांनी तसे काही केले नाही. हाती उरलेल्या आवाजास काय साधते, ह्याचा त्यांनी शांतपणे विचार केला. धृपदाची भारदस्त शिस्त त्यांच्या रक्तात होती, ख्यालाचा मोकळेपणा त्यांस अवगत होता, आणि मुबारक अलींच्या तानांची वळणे स्मरणात होती. ह्या तिहींचा मिलाफ करून त्यांनी एक नवीनच गायकी निर्माण केली. तीत आकाराचा स्वर, लयीशी सतत चाललेला खेळ, गोफाप्रमाणे एकातून दुसरी गुंफलेली तान आणि समेवर येऊन ठाकणारे आवर्तन ही मुख्य होत. गळ्याच्या उपजत माधुर्यावर विसंबण्याचे दिवस गेले. आता बुद्धी, दम व लय ह्यांवर गाणे उभे राहिले. हिलाच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतात.

दोन रागांची जोड करून गाण्यात त्यांचा हातखंडा होता. बसंती केदारात बसंत आणि केदार, नटकामोदात नट आणि कामोद असे दोन राग नांदतात. परंतु ऐकणारास सांधा कोठे आहे हे दाखविता येत नाही. दोन रंग शेजारी शेजारी लावणे सोपे. त्यांचा तिसरा रंग करणे हेच कठीण.

इ. स. १८९५ च्या सुमारास श्री शाहू छत्रपतींनी खांसाहेबांस कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. ज्या भूमीत त्यांची गायकी रुजली, तिचाही येथे विचार केला पाहिजे. शहराच्या वायव्येस जोतिबाचा डोंगर उभा आहे. चैत्री पौर्णिमेस तेथे यात्रेकरूंचा महासागर लोटतो. उंचच उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने सारी वाडी न्हाऊन निघते आणि हलगी व ढोल ह्यांच्या कडकडाटात चांगभल्याचा गजर होतो. पोवाडा, लावणी व कुस्तीचा आखाडा ह्यांवर पोसलेला हा जोमदार मुलूख. हलगीचा ठेका आणि दरबारी ख्याल ह्यांत महदंतर आहे हे खरे. तथापि ज्यांच्या अंगी लय जन्मतःच भिनलेली, त्यांस लयप्रधान गायन परके वाटले नाही ह्यात नवल ते काय?

येथूनच ती गायकी महाराष्ट्रभर पसरली. भास्करबुवा बखले हे आधीच नावाजलेले गवई असूनही खांसाहेबांपाशी शिकले. कोल्हापुरातील गोविंदराव टेंबे ह्यांनी त्यांचे गाणे मनापासून आत्मसात केले. पुढे टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ नाटकास व भास्करबुवांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकास चाली दिल्या. राजवाड्यातील विद्येचा सुगंध अशा रीतीने नाटकगृहातील सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचला.

गोव्यातील केसरबाई केरकर ह्यांनी १९२१ मध्ये त्यांचा गंडा बांधला. मोगूबाई कुर्डीकर ह्यांची गोष्ट तर मोठी हृद्य आहे. खांसाहेब औषधोपचारासाठी सांगलीस राहिले असता जवळच्या घरातून एका मुलीच्या रियाजाचा स्वर त्यांच्या कानी पडला. ते आपण होऊन तेथे गेले व तिला शिकवू लागले. आपल्यासमोर कोण बसले आहे, हे त्या मुलीस प्रथम ठाऊकही नव्हते.

१९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले व त्यानंतर खांसाहेब मुंबईस राहावयास गेले. तेथे मान पुष्कळ मिळाला, परंतु १९३७ मध्ये गुणी पुत्र मंजी खां निधन पावले व वृद्ध पित्याच्या काळजास घाव बसला. मंजी खांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर ह्यांस पुढे धाकटे पुत्र भुर्जी खां ह्यांनी शिकविले आणि विद्येचा धागा तुटू दिला नाही. दिनांक १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खांसाहेबांनी देह ठेविला.

हिंदुस्थानात १९०२ पासून गवयांच्या तबकड्या निघू लागल्या होत्या. पण खांसाहेबांनी आपले गाणे यंत्राच्या स्वाधीन केले नाही. त्यांचा आवाज आज ऐकावयास मिळत नाही. तरीही ती विद्या किती दूर गेली पाहा! १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडिली व प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी ठेविली. तीवर साऱ्या पृथ्वीतून निवडलेल्या संगीताचे २७ नमुने आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेतील दरिद्री कृष्णवर्णीयांच्या दुःखातून उपजलेले ब्लूज संगीत तीवर आहे. ते आंधळ्या विली जॉन्सनने १९२७ मध्ये गायिलेले. त्याच ब्लूजची खेड्यातील गोऱ्या लोकांच्या गाण्याशी सांगड घालून चक बेरीने १९५८ मध्ये गाजविलेले धडाडीचे रॉक अँड रोलही आहे. आणि त्यांच्याच पंक्तीस केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्यांचा स्वर वाहणारे पहिले व्हॉयेजर २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील पोकळीत शिरले.

ज्या गुरूने स्वतःची एकही तबकडी मागे ठेविली नाही, त्याची शिकवण शिष्येच्या कंठातून ताऱ्यांच्या वाटेला लागली! विद्यार्थिमित्रहो, परीक्षेतील अपयश, आजार, घरची गरिबी अशा कारणांनी तुमच्यापैकी कित्येकांच्या हातून काही ना काही निसटलेच असेल. निसटलेल्याचा शोक करण्यास मनुष्यास अधिकार आहे. परंतु शोक आवरल्यावर उरलेले नीट मोजून पाहावे. खांसाहेबांजवळ एक बिघडलेला आवाज आणि दीर्घ अभ्यास एवढेच उरले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी घराणे उभारिले, आणि जे उभारिले ते दुसऱ्यांस देऊन टाकिले, म्हणूनच ते टिकले.