एडविन म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या हदगावकडे आधीची लेकरं जगली नाहीत, की पुढच्या पोराचं नाव धोंड्या नाहीतर दगडू ठेवायचे. दगडासारखा टिकावा, एवढीच आई-बापाची इच्छा! नावात अशी इच्छा ठेवण्याची रीत सगळ्या जगात आहे.

आता 'एडविन' हे नाव घ्या. चंद्रावर उतरलेल्या आल्ड्रिनचं मूळ नाव हेच, आणि दुर्बिणीला ज्यांचं नाव दिलं ते हबलसुद्धा एडविनच. आपल्याला वाटतं, यातलं 'विन' म्हणजे जिंकणं. पण तसं नाही. जुन्या अँग्लो-सॅक्सन भाषेत पहिल्या भागाचा अर्थ संपत्ती, सुदैव आणि 'विने' म्हणजे मित्र. आपल्या संस्कृतातला धनमित्रच म्हणा ना! सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला याच नावाचा राजा होऊन गेला.

या नावाचा एक माणूस आपल्या पुण्यातही होता. सर एडविन आर्नॉल्ड. जन्म 1832 चा, शिक्षण ऑक्सफर्डला. पंचविशीच्या आसपास ते पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य झाले. हेच पुढचं डेक्कन कॉलेज. 1857 चा उठाव झाला तेव्हा ते इथेच होते. ते राज्यकर्त्यांचेच माणूस, साम्राज्यावर त्यांचा विश्वास होता, हे लपवायचं कारण नाही. पण शिकवता शिकवता साहेब स्वतः संस्कृत शिकले! 1861 मध्ये त्यांचं 'हितोपदेशा'चं इंग्रजी रूपांतर आलं. गंमत बघा, त्या ग्रंथाचा पहिलाच भाग 'मित्रलाभ'.

त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले, वर्तमानपत्रात नोकरी धरली. पण भारत काही सुटला नाही. 1879 मध्ये त्यांनी बुद्धांचं चरित्र काव्यात लिहिलं आणि युरोप-अमेरिकेत घराघरात बुद्ध पोचले. 1885 मध्ये गीतेचा अनुवाद केला. लंडनला शिकणाऱ्या गांधीजींनी गीता पहिल्यांदा वाचली ती त्याच अनुवादातून. गांधीजींच्या छोट्याशा शाकाहारी मंडळाचे आर्नॉल्ड उपाध्यक्षही होते. बुद्धगयेचं मंदिर बौद्धांच्या हाती यावं म्हणून त्यांनी लेखणी झिजवली. 1904 मध्ये ते गेले.

मित्रांनो, नाव आई-बाप ठेवतात, त्यात आपली काही कर्तबगारी नसते. होस्टेलवर तर महिन्याभरात नवीनच नाव पडतं! पण परक्या मुलखात जाऊन तिथली भाषा शिकणं आपल्या हातात असतं. एडविन साहेब जन्माने आपले कोणी नव्हते. शिकले, म्हणून नावातला मित्र खरा झाला.