डॉ. विक्रम साराभाई आणि आर्वीची तबकडी



संदेशवहनाचा पाठ घेताना एक प्रश्न हमखास येतो : इंटरनेट येतं कुठून? आपण टॉवरकडे बोट दाखवतो आणि पुढे जातो. या वेळी मी मुलांना विक्रम साराभाईंची गोष्ट सांगितली. रॉकेटवाले साराभाई सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी दूरवरची माणसं जोडण्याचा जो विचार केला, तो मात्र पाठात क्वचितच येतो.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला, गिरणीमालकाच्या घरात झाला. केंब्रिजला शिकायला गेले. महायुद्ध सुरू झालं तसे परतले आणि बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे विश्वकिरणांवर संशोधन करू लागले. १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. १९६३ मध्ये केरळातल्या थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं. हे सगळं तुम्ही वाचलेलं असेलच.

आता आपल्या पुणे जिल्ह्यात या. १९२७ पासून खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांतून बिनतारी संदेश थेट इंग्लंडशी जोडलेले होते. पण ते रेडिओलहरींवर अवलंबून. हवेच्या वरच्या थरांची स्थिती बदलली की आवाज विरायचा. यावर उपाय होता उपग्रह. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखा वाटतो. जमिनीवरची तबकडी त्याच्याकडे रोखून ठेवायची, म्हणजे पलीकडच्या देशातली तबकडी आपल्याला सापडते. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ च्या सुमारास अशी सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली. ती परदेशी कंपनीकडून तयार घेऊ नये, आपल्याच अभियंत्यांनी उभारावी, हा साराभाईंचा आग्रह. त्या केंद्राला नावही त्यांचंच आहे, विक्रम.

वर्गात एक खेळ घ्या. एका मुलाने 'हॅलो' म्हणायचं, दुसऱ्याने अर्धा सेकंद थांबून 'ओ' द्यायची. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही उपग्रहामार्गे उत्तर यायला एवढा वेळ लागतोच. आज दोन देशांमधलं बहुतेक इंटरनेट समुद्राखालच्या केबलमधून धावतं, त्याचं हेही एक कारण.

आर्वी केंद्र ज्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे होतं, तिचीच १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाली. याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं.

साराभाईंनी यातलं काहीच पाहिलं नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळमला ते गेले, अवघे ५२ वर्षांचे. त्यांचं आवडतं स्वप्न होतं उपग्रहावरून खेड्यांत शिक्षण. त्यासाठी १९६९ मध्येच त्यांनी नासाशी करार घडवून आणला होता. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत तो प्रयोग झाला. (आपला महाराष्ट्र त्यात नव्हता.) हजारो प्राथमिक शिक्षकांना त्यावरून विज्ञानाचं प्रशिक्षण मिळालं, म्हणजे आपलेच आधीचे भाऊबंद!

हे सांगत मी फळ्यावर उपग्रह काढला, खाली गाव काढलं आणि वरून खाली बाण ओढला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, गावातल्या पोरांना काही विचारायचं असलं तर? मी गप्प झालो. टीव्हीसमोर बसलेल्या गावाला उलट प्रश्न करायची सोय जवळपास नव्हतीच. दोन्ही टोकं बोलू शकली तरच त्याला नेटवर्क म्हणायचं, ही व्याख्या मला डी.एड.ला कुणी अशी सांगितली नव्हती. आणि लॉकडाऊनमध्ये माझे तास आठवले. इंटरनेट होतं, मुलं स्क्रीनवर होती, आणि माईक सगळ्यांचे मीच बंद करून ठेवले होते.

मग त्याच मुलीला खडू दिला. तिने गावाकडून वर जाणारा दुसरा बाण काढला, माझ्या बाणापेक्षा जाड.