वारीची वाट आणि ऑक्सफर्डचा मुक्काम : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

मराठीतील परदेशगमनाच्या वाङ्मयाचा विचार करताना महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव सहसा पुढे येत नाही. पंडिता रमाबाईंच्या १८८३ सालच्या इंग्लंडप्रवासाची आणि पुढे त्यांनी अमेरिकेवर लिहिलेल्या ग्रंथाची दखल वाङ्मयेतिहासाने घेतली. शिंदे यांना मात्र अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात एक मानाचे पान देऊन वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आपली जबाबदारी संपली असे मानले. त्यामुळे १९०१ ते १९०३ या काळातील त्यांच्या युरोपातील वास्तव्याकडे चरित्रातील एक शैक्षणिक टप्पा एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. वास्तविक त्यांच्या जीवनाचा पुढचा सारा ओघ ज्या वळणावर ठरला, ते वळण या दोन वर्षांत आहे. आणि त्या वळणाचा अर्थ लावायचा तर प्रारंभ ऑक्सफर्डपासून करून चालत नाही. तो पंढरपूरच्या वाटेपासून करावा लागतो.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे त्या वेळी एक मराठी संस्थान होते. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मोडते. घरात मराठी, अंगणाबाहेर कानडी, अशा दुभाषी वातावरणात त्यांचे बालपण गेले. वडील रामजीबाबा संस्थानात नोकरीस होते आणि निष्ठेने वारकरी होते. आई यमुनाबाई. घरची सांपत्तिक स्थिती उत्तरोत्तर खालावत गेली, तरी भजन आणि आल्यागेल्या वारकऱ्याचे आतिथ्य यांत खंड पडला नाही. कर्नाटकातून पंढरीस येणारा वारकरी विजापूर, मंगळवेढे या बाजूने येतो आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतो. मराठी वाचकाला आळंदी-देहूच्या पालख्यांची वाट इतकी परिचयाची असते, की दक्षिणेकडून येणाऱ्या या कानडी मुलखातील वाटेचे त्याला विस्मरण होते. पुढील आयुष्यात कानडी आणि मराठी यांच्या संबंधाविषयी शिंदे यांनी जे चिंतन केले, त्याचे बीज या वाटेवर पडलेले आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

वारकरी घरातील मुलाला वारीने कोणते संस्कार दिले? घर सोडून ठरलेल्या दिवशी निघणे, अनोळखी गावी मुक्काम करणे, परक्याच्या ओसरीवर अन्न घेणे, भेटेल त्याच्या पाया पडणे आणि पुन्हा घरी परतणे. वारीत परतणे अध्याहृतच असते. काल्यानंतर वारकरी पंढरीत राहत नाही. शिंदे यांच्या परदेशगमनाचे स्वरूप समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जमखंडीस मॅट्रिक झाल्यानंतर काही काळ शिक्षकी करून शिंदे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १८९८ साली बी.ए. झाले. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचे आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साह्य त्यांना मिळाले नसते, तर हे शिक्षण पुरे होणे कठीण होते. पुढे कायद्याचा अभ्यास आरंभला, पण त्यांचे मन त्यात रमले नाही. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने परंपरागत श्रद्धा डळमळली होती. घरच्या भक्तीचा ओलावा मात्र आटला नव्हता. बुद्धीला पटेल आणि अंतःकरणालाही पुरेल असा धर्म त्यांना हवा होता. तो त्यांना प्रार्थनासमाजात गवसला. १८९५-९६ च्या सुमारास अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक सन्डरलंड हिंदुस्थानात आले होते. ब्राह्म व प्रार्थना समाजांतील तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माध्ययनासाठी पाठवण्याची योजना त्यांच्या या दौऱ्यातून पुढे आली. १९०१ साली प्रार्थनासमाजाच्या वतीने शिंदे यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार सयाजीरावांनी उचलला आणि सप्टेंबर १९०१ मध्ये त्यांनी मुंबईचा किनारा सोडला.

मागे वृद्ध आईवडील होते, पत्नी रुक्मिणीबाई होत्या, आणि सासरच्या छळातून सुटून शिक्षणाकडे वळलेली बहीण जनाबाई होती. या कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहता वकिलीची पायरी सोडून धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी समुद्रापार जाणारा कर्ता मुलगा हा व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा होता. इंग्लंडहून परतलेला मनुष्य बॅरिस्टर तरी असतो नाहीतर मुलकी अधिकारी, ही त्या काळची सामान्य समजूत. शिंदे परत येऊन अल्प वेतनाचे धर्मप्रचारक होणार होते. प्रार्थनासमाजाच्या काही चरित्रकारांनी या त्यागाचे वर्णन करताना रुक्मिणीबाईंच्या वाट्यास आलेल्या वर्षांचा हिशेब केलेला नाही. तो करावयास हवा होता.

मँचेस्टर कॉलेज ही संस्था ऑक्सफर्डच्या जुन्या महाविद्यालयांहून सर्वस्वी वेगळी होती. ती १८८९ साली लंडनहून ऑक्सफर्डला आली. प्रवेशासाठी विशिष्ट धर्ममताची शपथ घेण्याची तेथे अट नव्हती. प्राचार्य ड्रमंड, तौलनिक धर्माचे व्यासंगी अध्यापक एस्टलिन कार्पेंटर यांचा सहवास शिंदे यांना येथे लाभला. तौलनिक धर्मशास्त्राबरोबरच पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचा अभ्यास त्यांनी केला. पालीचे विख्यात पंडित ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या मार्गदर्शनाचाही त्यांना लाभ झाला. हिंदुस्थानात जन्मलेला आणि हिंदुस्थानातून जवळजवळ नाहीसा झालेला बुद्धाचा धर्म वारकऱ्याच्या मुलाने इंग्रज अध्यापकांकडून शिकावा, हा काळाचा विपर्यास खरा. त्याचे फळ मात्र दूरवर टिकले. बौद्ध धर्माचा हा ध्यास त्यांना पुढे १९२७ साली ब्रह्मदेशात घेऊन गेला.

या काळात शिंदे दोन प्रकारचे लेखन करीत होते. एक, स्वतःपुरती ठेवलेली रोजनिशी. दुसरे, प्रार्थनासमाजाच्या 'सुबोधपत्रिके'साठी पाठवलेली प्रवासपत्रे. ('सुबोधपत्रिका' आणि शिंदे यांचे जन्मसाल एकच, हा एक लहानसा योगायोग.) रोजनिशी फार उशिरा, गो. मा. पवार यांच्या संपादनाने, मराठवाडा विद्यापीठामार्फत प्रकाशित झाली आणि त्यानंतरच या दोन लेखनप्रकारांतील अंतर अभ्यासकांच्या लक्षात येऊ लागले. प्रवासपत्रांत शिंदे आपल्या समाजबंधूंशी बोलतात. फ्रान्समधून जाताना दिसलेली शहरे, लंडनची अफाट गर्दी, इंग्रज कुटुंबातील घरगुती व्यवस्था, उपासनामंदिरे, रानावनातील भटकंती यांची माहिती ते उत्साहाने देतात. रोजनिशीत हा उत्साह मावळतो. तेथे आत्मपरीक्षण आहे, एकटेपण आहे, स्वतःच्या दोषांचा कठोर हिशेब आहे. सार्वजनिक पत्रात घरची ओढ दडवणारा मनुष्य स्वतःच्या वहीत ती दडवू शकत नाही. परदेशवासाचे सत्य पत्रात शोधावे की रोजनिशीत, हा प्रश्न निकालात काढण्याची घाई करण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच हाताने आणि एकाच काळात लिहिलेली आहेत.

युरोपकडे पाहण्याची शिंदे यांची दृष्टी दिपून गेलेली नाही आणि तुच्छतेचीही नाही. तत्कालीन मराठी लेखकांत या दोन टोकांपैकी एक गाठणारेच अधिक. शिंदे यांच्या वर्णनाचा केंद्रबिंदू माणसे एकत्र कशी येतात, कशी बसतात, कशी प्रार्थना करतात हा असतो. एखाद्या इंग्रज घरातील सायंप्रार्थना पाहताना ते धार्मिक मतभेदांच्या मागे लागत नाहीत. घरातील नोकरमाणसे कोठे बसली आहेत, मुलांना बोलण्याची मुभा आहे की नाही, पाहुण्याला कसे सामावून घेतले जाते, याकडे त्यांची नजर वळते. ही नजर भजनाच्या बैठकीत घडलेली आहे. फडावर कोण पुढे आणि कोण कडेला बसते, हे वारकऱ्याच्या मुलाला न सांगता कळते.

तथापि त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक ठरले ते इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील दरिद्री वस्त्यांचे दर्शन. युनिटेरियन पंथाच्या लोकांनी या वस्त्यांतून 'डोमेस्टिक मिशन' या नावाने कार्य चालवले होते. धर्मोपदेशक वस्तीत राहतो, घरोघर जातो, मुलांची शाळा चालवतो, आजाऱ्याची विचारपूस करतो, उपासनाही तेथेच करतो. आणि या सर्वांसाठी समिती असते, वर्गणी असते, हिशेब असतो, वार्षिक अहवाल असतो. जगाच्या साम्राज्याच्या राजधानीतही माणसे अशी राहतात, हे पाहून साम्राज्याच्या वैभवाचे दडपण तर ओसरलेच. शिवाय करुणेला संस्थेचे रूप कसे देता येते याचा प्रत्यक्ष पाठ त्यांना मिळाला. भक्तिपरंपरेत करुणा उदंड होती. शाळेची घंटा आणि जमाखर्चाची वही तिच्याजवळ नव्हती.

येथे पंढरपूरचा विचार पुन्हा करावा लागतो. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, ही परंपरा सर्वश्रुत आहे. संताला महाद्वारापर्यंत जागा मिळाली. त्याच्या जातीच्या वारकऱ्यालाही शतकानुशतके तेवढीच मिळाली. वाळवंटात सर्वांनी एकमेकांच्या पाया पडावे आणि देवळाच्या दारी रांग दोन भागांत तुटावी, ही विसंगती वारकऱ्यांच्या डोळ्यांपुढे नित्य होती. नित्याची म्हणूनच ती दिसत नव्हती. ती दिसण्यासाठी काही काळ दूर जाणे शिंदे यांना उपयोगी पडले. ज्या उपासनागृहात परधर्मी, परदेशी, सावळ्या वर्णाच्या विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीने बसता येत होते, तेथे बसून आपल्या वडिलांच्या दैवताच्या दाराचा विचार त्यांच्या मनात आला असेल, असे मानण्यास त्यांच्या पुढील चरित्राचा आधार आहे. प्रार्थनासमाजाशी संबंधित मंडळींनी १८७५ पासून पंढरपुरात बालहत्याप्रतिबंधाचे आणि अनाथ अर्भकांच्या संगोपनाचे कार्य चालवले होते. म्हणजे यात्रेच्या याच गावात सुधारकांनी टाकून दिलेल्या मुलांसाठी दार उघडले होते. देवळाचे दार उघडणे ही गोष्ट मात्र त्यांच्याही आवाक्याबाहेरची होती.

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे उदार धर्ममताच्या लोकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी शिंदे यांनी तेथे निबंध सादर केला. देशीय भक्तिपरंपरा आणि आधुनिक एकेश्वरी उपासना यांचा सांधा जगापुढे मांडण्याची ही संधी होती. परिषदेनंतर ते स्वदेशी निघाले आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये मुंबईस उतरले. युरोपात स्थायिक होण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवल्याची खूण त्यांच्या लेखनात आढळत नाही.

परत आल्यावर मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून त्यांनी देशभर प्रवास केला. हा प्रवास युरोपच्या प्रवासाहून खडतर होता. बडोदे संस्थानातील अंत्यजांच्या शाळा त्यांनी पाहिल्या. नगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य मंडळींच्या रात्रीच्या सभेत ते जाऊन बसले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे पहिली शाळा उघडून 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'ची स्थापना झाली. अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर होते. संस्थेची घडण पाहता इंग्लंडमधील मिशनची आठवण झाल्यावाचून राहत नाही: वस्तीत जाऊन राहणे, शाळा, वसतिगृह, उद्योगशिक्षण, उपासना, अहवाल. बहीण जनाबाई आणि पुढे कुटुंबातील इतरही या कार्यात उतरली. इंग्लंडमधील मिशनरी मात्र स्वजातीयांचा रोष ओढवून घेत नव्हता. शिंदे यांना तो पदोपदी सोसावा लागला. मराठा समाजातील अनेकांनी त्यांना दूर लोटले, ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना ते राष्ट्रीय पक्षाकडे झुकलेले वाटले आणि राष्ट्रीय पक्षाला ते सुधारक वाटले. १९१० साली प्रार्थनासमाजाच्या प्रचारकपदापासूनही ते अलग झाले.

१९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला, त्यामागे शिंदे यांच्या दीर्घ खटपटीचा मोठा वाटा होता. पण याच सुमारास अस्पृश्य समाजातील नव्या पिढीला दुसऱ्यांनी चालवलेली संस्था अपुरी वाटू लागली होती. डॉ. आंबेडकर यांचे नेतृत्व उदयास येत होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे राजकीय प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला तेव्हा दोघांच्या भूमिकांतील अंतर उघड झाले. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या सूत्रांपासून दूर झाले. डोमेस्टिक मिशनच्या नमुन्यात एक मर्यादा अंगभूत होती: सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांतील रेषा ती पुसत नाही. ऑक्सफर्डहून आणलेल्या पद्धतीचे हे वैगुण्य शिंदे यांना उमगले नव्हते असे नाही, परंतु त्यावर तोड त्यांना सापडली नाही. आंबेडकरांचे उत्तर सेवेचे नव्हते, हक्काचे होते, आणि इतिहासाने त्याला अधिक बळ दिले.

१९३० च्या कायदेभंगात शिंदे यांनी कारावास भोगला. १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तौलनिक धर्माच्या आणि समाजशास्त्राच्या शिस्तीतून आलेला, ऑक्सफर्डच्या अध्ययनाचे सर्वांत प्रगल्भ फळ असलेला हा ग्रंथ आहे. 'माझ्या आठवणी व अनुभव' या आत्मचरित्रात जमखंडीचे घर, वडिलांची भक्ती आणि ऑक्सफर्डचे दिवस यांना त्यांनी सारख्याच ममत्वाने स्थान दिले. अखेरची वर्षे आजारपणात आणि बऱ्याच अंशी एकाकीपणात गेली. २ जानेवारी १९४४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. दहाव्या दिवशी उपोषण सुटले आणि त्यानंतर विठ्ठलमंदिराचे दार चोखोबांच्या वारसांसाठी उघडले.