घसरणारा क्लच आणि न विकलेले नांगर

वाघोबा खिंडीच्या बाजूला एका कच्च्या चढावर माझ्या मित्राची गाडी नुसती ओरडत होती. रेस दिली की आवाज वाढायचा, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. मागे मी, खाली लाल चिखल, आणि नाकात काहीतरी जळाल्याचा वास. पावसाळ्यात पालघरच्या आसपासच्या वाटांवर ऑफ-रोड बाईक घेऊन जाणाऱ्यांना हा सीन अगदी ओळखीचा असेल. मित्राने तिथेच जाहीर करून टाकलं की इंजिन गेलं. दुसऱ्याच्या मते चेन ढिली होती. शेवटी गाडी छोट्या टेम्पोत घालून बोईसरला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये आणली.

तिथल्या मेस्त्री काकांनी गाडीला पाना लावण्याआधी पाच मिनिटं फक्त ती चालवली. वरच्या गिअरमध्ये घेऊन अचानक रेस दिली. इंजिनचे फेरे वाढले, वेग वाढला नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. क्लच स्लिप. हेच उलटं असतं, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते आहे किंवा गिअर कटकट करत पडतो आहे, तर क्लच नीट सुटत नाही असं समजायचं. दोन्ही दुखणी क्लचचीच, पण इलाज वेगळे.

आता हे सगळं एका चरित्राच्या लेखात कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तर झालं असं, की गॅरेजच्या वॉशिंग रॅम्पशेजारी पाण्याचा एक जुना पंप होता. त्याच्या लोखंडी अंगावर उठावाच्या अक्षरांत नाव होतं, किर्लोस्कर. आपण ते नाव शेताच्या विहिरीवर, सोसायटीच्या टाकीखाली इतक्या वेळा बघतो की ते एका माणसाचं आडनाव आहे हेच विसरतो. या पानासाठी मला कुणातरी जुन्या माणसाविषयी लिहायचंच होतं. काका क्लच खोलत होते आणि मी फोनवर लक्ष्मणराव किर्लोस्कर शोधत बसले. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की या माणसाची सुरुवात दुचाकीच्या दुकानापासून झाली होती. विदाउट इंजिनवाली दुचाकी, पण दुचाकीच!

रंग न दिसणारा चित्रकार

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं फारसं मन रमलं नाही. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. मोठे भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखताच येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधळेपणा! आजच्या भाषेत, करिअर संपलं.

त्यांनी काय केलं, तर रंग सोडला आणि रेघ धरली. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाही. इंजिनीअरिंगला असलेल्यांनी पहिल्या वर्षी ड्रॉइंग शीटवर रात्री घालवल्या असतील, त्यांना कळेल मी काय म्हणतेय. ते रेखाटन त्यांना इतकं जमलं की मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. म्हणजे आपली आजची व्हीजेटीआय. संस्था तेव्हा नुकतीच, १८८७ मध्ये, सुरू झाली होती. शिकवता शिकवता लक्ष्मणराव वर्कशॉपमध्ये स्वतःही शिकत गेले.

त्याच काळात सायकल हे नवं प्रकरण मुंबईत आलं होतं. लक्ष्मणरावांना तिचं वेडच लागलं. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान उभं राहिलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे, रामुअण्णा तिकडे त्या विकायचे आणि फी घेऊन लोकांना चालवायलाही शिकवायचे. शिवाय दुरुस्ती. मला या सगळ्या गोष्टीत हे दुरुस्तीचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विकणाऱ्याला वस्तू नवी असतानाच दिसते. दुरुस्तीवाल्याकडे ती वाकून, झिजून, चिखल खाऊन परत येते. कुठला भाग आधी जातो आणि का जातो, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

खोलल्यावर काय दिसतं

काकांचंही तेच. त्यांनी थेट इंजिनचं कव्हर उघडलं नाही. आधी क्लच वायर बघितली. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर टोकाशी थोडी मोकळी हालचाल लागते, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ती १० ते २० मिलिमीटर दिलेली असते. वायर त्याहून ताठ असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घसरतो. अशा वेळी नुसतं अ‍ॅडजस्टिंग करून काम भागतं, खर्च शून्य. मग ऑइल. मोटरसायकलचा क्लच बहुतेक वेळा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं, घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं ऑइल त्यात ओतलं तर प्लेटा पकडच घेत नाहीत. म्हणून डब्यावर जासो एमए हा शिक्का बघायचा.

आमच्या बाबतीत दोन्ही ठीक होतं. मग ऑइल काढलं, कव्हर उघडलं, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने थोडे थोडे सैल केले. आत एकाआड एक थर होते. घर्षणाचं अस्तर असलेली क्लच प्लेट, मग साधी स्टील प्लेट, परत क्लच प्लेट. स्प्रिंगा या सगळ्यांना एकमेकांवर दाबून धरतात आणि त्या दाबामुळे इंजिनचं फिरणं चाकाकडे जातं. काकांनी प्लेटा निघाल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या आणि व्हर्निअरने एकेकीची जाडी मोजली. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या खाली. स्टील प्लेटांवर निळसर डाग होते, म्हणजे त्या जास्त तापल्या होत्या. त्या सपाट काचेवर ठेवून खालून फिलर गेज सरकवून पाहिला. दोन वाकलेल्या निघाल्या. स्प्रिंगांची लांबी मोजली. ज्या बास्केटमध्ये प्लेटा बसतात तिच्या बोटांवर खाचा पडल्यात का, तेही नखाने तपासलं. खाच खोल असेल तर प्लेट तिथे अडकते आणि नव्या प्लेटा घालूनही उपयोग होत नाही. नशिबाने ती बरी होती.

प्लेटा खराब नव्हत्या, झिजल्या होत्या. त्या झिजण्यासाठीच बनवलेल्या असतात. प्रश्न एवढाच की इतक्या लवकर का? तर मित्राला चढावर सतत हाफ क्लच धरायची सवय. दोन बोटं कायम लिव्हरवर.

लोखंडाने जमीन नासते?

व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणरावांची बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. पर्मनंट, पगारी, मुंबईची सरकारमान्य नोकरी. तारापूर एमआयडीसीत वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर ट्रेनी म्हणून लागलेले माझे वर्गमित्र हे वाचून काय म्हणतील, मला माहीत आहे. पण त्यांच्या हाताशी बेळगावचं दुकान होतं. ते तिकडे गेले आणि सायकलींच्या जोडीने शेतीची अवजारं करायला लागले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

आपल्याकडे पालघरला भाताची चिखलणी, इथे हलका लाकडी नांगर चालून जायचा. देशावरच्या काळ्या जमिनीचं तसं नव्हतं. तिथे खोलवर मुळं धरून बसलेलं गवत उलथायचं तर लाकडी नांगराची ताकद अपुरी पडायची. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्येच ओतीव फाळाची एक युक्ती काढली होती. फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कडक करायची, वरची मऊ ठेवायची. मातीत चालताना वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. झीज थांबवायची नाही, ती कशी व्हावी ते ठरवायचं! क्लचच्या प्लेटा बघून आल्यावर मला ही गोष्ट भारीच आवडली.

लक्ष्मणरावांनी आपला नांगर तयार केला. आणि तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष लागतं, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. पहिला नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली. कारखान्यात माल तयार आहे, तो बनवणाऱ्याला आपलं काम येतं, आणि तरी गाडी पुढे सरकत नाही. इथे घसरत होता तो लोकांचा विश्वास, आणि तो मोजायला व्हर्निअर नसतो. शेतकऱ्यांना हसणं आपल्याला सोपं आहे. पण ज्याची वर्षाची भाकरी एका तुकड्यावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूवर शंका घेतली तर तो मूर्ख ठरत नाही. लक्ष्मणराव टिकून राहिले, नांगर सुधारत राहिले, आणि एकाच्या शेतात चाललेला नांगर बघून दुसरा यायला लागला.

जरा बस्तान बसतंय तोवर बेळगाव नगरपालिकेच्या नव्या वस्तीच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. चाळिशीचा माणूस, यंत्रं आहेत, कामगार आहेत, ठेवायला जागा नाही. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आधी औंधच्या देवीच्या सभामंडपाचं काम दिलं. मग कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी. जमीन कसली, माळच. निवडुंग आणि साप. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसायला लागली, देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. आपण बोईसरकर एमआयडीसीत वाढलोय, त्यामुळे कारखान्याभोवती गाव उभं राहणं आपल्याला नवं नाही. पण या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता, आणि तुरुंग भोगून आलेल्या माणसांना रखवालीचं काम दिलं गेलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. आजही आपल्याकडे कामावर घेताना पहिला कागद पोलीस व्हेरिफिकेशनचा मागतात.

पहिल्या महायुद्धात परदेशातून लोखंड येणं आटलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

पुढचा प्रवास वेगाने सांगते, कारण तो पुस्तकांत सापडतो. उसाचे चरक, पंप, यंत्रं बनवणारी यंत्रं. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची लिमिटेड कंपनी झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आला आणि धंदा पुण्या-बंगळुरूपर्यंत पसरला. १९४६ मध्ये डिझेल इंजिनांची कंपनी निघाली. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. १९६९ ला, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्याच वर्षी आपल्या तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे.

मित्राच्या गाडीचं काम दुसऱ्या दिवशी पूर्ण झालं. नव्या क्लच प्लेटा काकांनी रात्रभर ताज्या ऑइलमध्ये भिजत ठेवल्या होत्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. वाकलेल्या स्टील प्लेटा बदलल्या, कव्हरचं पॅकिंग नवीन घातलं, बोल्ट पुन्हा समोरासमोरचे आवळले, लिव्हरची मोकळी हालचाल जुळवली. चाचणीला काकांनी मित्रालाच चालवायला सांगितलं आणि स्वतः मागे बसले. गाडी बघायला नव्हे, त्याची डाव्या हाताची दोन बोटं बघायला. एमआयडीसी नाक्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्यांनी तीनदा त्याच्या मनगटावर चापट मारली.