त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा

गोव्यातील ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजच, असे लिस्बनचे सरकार जगास भासवीत असे. तो भास ज्यांच्या जीवनाने खोटा ठरविला, त्या कुन्हांचे स्मरण आम्ही या ज्युबिलीप्रसंगी करीत आहो.

चांदोर येथील कॅथोलिक घराण्यात १८९१ साली ते जन्मले. पॅरिस येथे विद्युत्-अभियांत्रिकी शिकून १९२६ साली ते स्वदेशी परतले व १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापिली. परकी अमलाने गोमंतकीयांचे स्वत्व कसे हरपले, हे त्यांनी १९४४ च्या पुस्तिकेत निर्भीडपणे मांडिले. १९४६ साली लष्करी न्यायालयाने त्यांस ८ वर्षांची शिक्षा ठोठाविली व पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात धाडिले. सुटकेनंतरही मायदेशाचे दार बंदच होते. अखेर १९५३ साली ते तेथून निसटले व मुंबईस येऊन पुन्हा कार्यास लागले.

तोवर गोव्याचा प्रश्न महासत्तांच्या चुरशीत सापडला होता. १९५५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी गोव्यास पोर्तुगालचा प्रांत म्हटले, तर रशियाने भारताचा पक्ष घेतला. १९५८ च्या सप्टेंबरात कुन्हा मुंबईस निवर्तले. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीतील भारताविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने अडला, आणि दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला.

१९४८ साली निजामी अमलातून सुटलेल्या शिरूर अनंतपाळच्या आम्हां लोकांस त्या दिवसाचे मोल सांगावयास नको. तो दिवस मात्र कुन्हांस पाहावयास मिळाला नाही.