चाळ बांधलेले पाय : पवळाबाई हिवरगावकर

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा म्हटला की थोरामोठ्यांची नावे आपोआप ओठांवर येतात. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तो पैस खांब अजून उभा आहे. चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. ही नावे आपण शाळेपासून पाठ करतो. परंतु याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका बाईचे नाव माझ्या शाळेच्या एकाही पुस्तकात मला भेटले नाही. ते भेटले ढोलकीवाल्यांच्या, सोंगाड्यांच्या आणि पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या शौकिनांच्या बोलण्यात. त्या बाईचे नाव पवळाबाई भालेराव. लोकांच्या तोंडी पवळा हिवरगावकरीण.

पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसा हे गाव लागते. आज तेथे टोलनाका आहे आणि रात्रंदिवस मोटारी थांबतात. जवळच देवगडचा खंडोबा आहे. याच गावी १२ ऑगस्ट १८७० रोजी पवळाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव तबाजी. घराणे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील. जमीनजुमला नाही, अक्षरओळख नाही, अशा घरात जन्मलेली ही मुलगी देवाला वाहिली गेली आणि खंडोबाची मुरळी झाली. मुली देवाला वाहण्याची ही चाल बंद करण्यासाठी मुंबई प्रांतात कायदा झाला तो १९३४ साली. तोपर्यंत पवळाबाईंची चौसष्ट वर्षे उलटून गेली होती.

मुरळी म्हणजे काय, हे शहरातील वाचकांना कदाचित माहीत नसेल. खंडोबाच्या जागरणात वाघ्या दिमडी वाजवतो, तुणतुण्याचा सूर लागतो आणि मुरळी हातातील घोळ वाजवीत रात्रभर गाते, नाचते. पहाटेपर्यंत बसायचे नाही. आवाज बसला तरी थांबायचे नाही. मुरळीसाठी कुठली शाळा नव्हती आणि गुरुकुलही नव्हते. अंगण हीच तिची शाळा. पवळाबाईंच्या पायांना तालाची पहिली ओळख अशा वातावरणात झाली असणार. गळा गोड होता, रूप देखणे होते. पुढे त्या तमाशाच्या फडात आल्या.

ही घटना लहान नव्हती. त्यापूर्वीच्या तमाशात बाई नसे. गौळण असो वा लावणी, लुगडे नेसून नाचायचा तो नाच्या पोऱ्या. प्रेक्षक त्यालाच राधा समजत, त्यालाच दौलतजादा करीत. अशा रंगमंचावर पवळाबाई उभ्या राहिल्या. तमाशाच्या बोर्डावर आलेली पहिली स्त्री कलावंत असा मान त्यांना दिला जातो. आज बाईविना तमाशा ही कल्पनाच कुणाला सुचणार नाही. पण त्या वेळी बाईचे उभे राहणे हीच नवलाई होती.

पवळाबाईंचे नाव ज्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले ते शाहीर पठ्ठे बापूराव. त्यांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा, आजचा सांगली जिल्हा. ब्राह्मण कुळातील हा माणूस लावणीच्या वेडाने घरदार आणि जात दोन्ही सोडून फडात आला. बापूरावांचे शब्द आणि पवळाबाईंची अदा असा संयोग जुळला. ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातील नर्तकी एका फडात, एका ताटात. त्या काळच्या समाजाला हे सोसणारे नव्हते. निंदा झाली, बहिष्कार झाला, तरी गर्दी हटली नाही. मुंबईत त्यांच्या खेळांना गिरणी कामगारांची झुंबड उडे. कोल्हापूरला शाहू महाराजांसमोरही त्यांनी ‘मिठाराणी’चा वग केला, असे जुने लोक सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज आपण पवळा-बापूरावांचा तमाशा म्हणजे अस्सल, जुना, पारंपरिक असे म्हणतो. त्या काळी तो जुना होता काय? गण, गौळण, बतावणी आणि लावणी ही जुनी अंगे खरी. पण वग हे अंग त्यामानाने ताजे. उमाबाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग समजला जातो. तो १८६५ सालचा, म्हणजे पवळाबाईंच्या जन्माआधी अवघी पाच वर्षे. बापूरावांची कवने तर त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिली जात. रंगमंचावरची बाई नवी, वग नवा, कवन नवे. आणि या नव्याच्या पायाशी गण-गौळणीचा जुना दगड. जुने आणि नवे यांचा असा तोल त्या फडाने साधला होता. म्हणून नवे आले की कला बुडाली, अशी हाकाटी करणाऱ्यांनी पवळाबाईंचे चरित्र जरूर पाहावे.

पवळाबाईंच्या रूपाविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांना नुसते पाहण्यासाठी लोक पैसे मोजत, असेही सांगतात. डोळे, रंग, नाक, विडा खाल्ल्यावरची लाली, सगळ्याची वर्णने झाली. परंतु त्यांच्या पायांविषयी कुणी काही सांगत नाही. वास्तविक सगळा संसार उभा होता तो त्या दोन पायांवर. तमाशातील बाई घुंगरांना चाळ म्हणते. पितळी घुंगरांचे पदर घोट्यापासून वर बांधत नेले की दोन्ही पायांचे वजन काही किलो भरते. हे ओझे घेऊन अनवाणी टाच आपटायची. खाली कधी माती, कधी फळ्या, कधी फरशी. ढोलकीच्या तोड्याबरोबर गिरकी, आणि गिरकीतून थेट खाली बसणे. आज वैद्यकशास्त्र सांगते की असा मार रोज बसला की टाच, नडगीचे हाड, घोटा आणि गुडघ्याची कूर्चा हळूहळू झिजते. कधी नडगीला केसासारखी बारीक चीर जाते, ती विश्रांतीनेच भरून येते. पण विश्रांती घेतली तर त्या दिवशीची चूल पेटायची कशी?

याच काळात रशियात जन्मलेली ॲना पावलोव्हा (१८८१ ते १९३१) ही बॅले नर्तकी जग गाजवीत होती. ती भारतातही येऊन गेली होती. पवळा आणि पावलोव्हा, नावांचे साम्य हा योगायोगच. पावलोव्हाच्या पायांच्या कमानी फार उंच होत्या, पंज्यावर उभे राहताना त्यांना आधार लागे, म्हणून तिने आपले जोडे आतून कडक करून घेतले होते, हे नृत्याचे अभ्यासक आजही लिहितात. तिच्या जोड्यांची नोंद झाली. पवळाबाईंना जोडेच नव्हते, मग नोंद कशाची व्हावी? आज परदेशातील मोठ्या बॅले संस्थांत नर्तकांसाठी डॉक्टर असतात, व्यायामतज्ज्ञ असतात. जुने अभिजात बॅले आणि आजच्या काळातील नवी नृत्ये यांचे सराव कसे वाटायचे, म्हणजे शरीराला इजा होणार नाही, याचा विचार होतो. आपल्या फडात औषध म्हणजे हळदीचा लेप आणि घट्ट बांधलेली चिंधी.

नर्तकीच्या देहाकडून किती अपेक्षा करावी याचे सर्वात मोठे उदाहरण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे. त्यांचा जन्म १९३५ चा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तेव्हा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण ती अभिमानाने सांगतो. मला मात्र ती ऐकताना अभिमानाबरोबर लाजही वाटते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावंताचे २००२ साली निधन झाले, तेव्हा दवाखान्याचे बिल भागवायलाही हितचिंतकांना पुढे यावे लागले होते.

पवळाबाईंच्या संदर्भात आणखी एक हकिगत सांगितली जाते. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. परंतु आपल्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला नाही. या हकिगतीवर मी बराच विचार केला. माझे आजोबा फडात हलगी वाजवीत. आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांसमोर कधी काढली जात नाही. घरातून कॉलेजात येणारी मी पहिली. माझ्या हाती वही आली ती बाबासाहेबांच्या शिकवणीमुळे. म्हणून त्यांच्या नकारामागची कळकळ मला समजते. बाईच्या देहाचा बाजार बंद व्हावा, असेच त्यांना वाटत होते. पण त्या पैशात पवळाबाईंच्या पायांचे कष्टही होते. बाजाराचा धिक्कार करताना कष्टाचा धिक्कार होऊ नये, एवढेच मला वाटते. आजोबांच्या हलगीचा मानही मला त्याच कष्टात दिसतो.

पुढे बापूराव आणि पवळाबाई यांच्यात बेबनाव झाला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वय वाढले तशी गर्दी ओसरली. ज्या नावावर तिकिटे खपत, त्या नावाची उतारवयात विचारपूस करणारे थोडेच राहिले. ६ डिसेंबर १९३९ रोजी पवळाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, २२ डिसेंबर १९४५ रोजी, बापूरावही पुण्यात गेले, तेही विपन्नावस्थेतच.

आता आजची स्थिती पाहू. नारायणगावला तमाशा पंढरी म्हणतात. तेथे राहुट्यांतून गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. आमच्या तालुक्यातील जत्रांनाही हेच फड येतात. गण होतो, गौळण होते. पण कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची थट्टा रंगण्याआधीच खालून शिट्ट्या सुरू होतात आणि चालू सिनेमाच्या गाण्याची फर्माईश येते. मग एकामागून एक गाणी. गेल्या साली आमच्या जत्रेत मी कनातीच्या फटीतून पाहिले, एक बाई दोन गाण्यांच्या मधे खाली बसून गुडघ्याला पट्टी आवळत होती. वय चाळिशीचे असेल. पट्टीवर तिने साडीचा घोळ नीट केला आणि ती हसत पुढे गेली.

जुन्या लावणीत एक सोय होती, तिचा आपल्याला विसर पडला आहे. लावणी उभी राहून नाचता येते, तशी बैठकीचीही असते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून एकाच ओळीचे दहा अर्थ डोळ्यांनी, भुवयांनी, बोटांनी दाखवते. तेथे गुडघ्यांपेक्षा अनुभव मोठा ठरतो. वीस वर्षांच्या मुलीला जे जमत नाही ते पन्नाशीच्या बाईला जमते. बतावणीत आणि वगातही वय वाढलेल्या कलावंताला जागा होती. सिनेमाच्या गाण्यांच्या झपाट्यात ही जागा उरत नाही. तेथे हवेत फक्त कोवळे गुडघे. आणि ते झिजले की दुसरे कोवळे गुडघे. जुन्या फडाने सगळ्या म्हाताऱ्या कलावंतांना सांभाळले असे मी म्हणणार नाही. पवळाबाईंचा शेवटच त्याच्या उलट साक्ष देतो. परंतु त्या जुन्या अंगांत निदान बसायला जागा होती.

म्हणून माझे नम्र मत असे की, गण-गौळण, बतावणी आणि बैठकीची लावणी टिकवायची ती केवळ परंपरेच्या अभिमानासाठी नव्हे, तर नाचणाऱ्या बाईच्या पायांसाठी. नवी गाणी येऊ द्यावीत. पवळाबाई स्वतः त्यांच्या काळातील नवलाईच होत्या. मात्र रात्रीच्या खेळात जुन्याला त्याचा वेळ मिळावा. सुपारी देणाऱ्या गावकऱ्यांनी सुपारीबरोबरच हे ठरवावे. बोर्डाच्या फळ्या नीट आहेत की नाहीत, हेही पाहावे. फडातील बाईला दुखापत झाली तर त्या दिवसाची मजुरी बुडू नये, अशी सोय शासनाने करावी. पुरस्कार द्यावेत, पण गुडघे चालते असतानाच द्यावेत.

हिवरगावच्या पवळाबाईंनी वही हातात धरली नाही. त्यांनी जे लिहिले ते टाचेने, आणि टाचेचे लिहिणे धुळीत पुसले जाते. त्यांच्याच जिल्ह्यात शिकणाऱ्या आम्हा मुलामुलींनी निदान त्यांचे नाव आपल्या वहीत लिहून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)