भाऊसाहेब बांदोडकर आणि गावोगावचे मास्तर

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मध्ये पेडणे तालुका आहे. तेथे १२ मार्च १९११ रोजी दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म झाला. सगळा गोवा पुढे त्यांना भाऊसाहेब म्हणू लागला. पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, त्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. त्या बदलाने गोव्यातील हिंदूंना काही मोकळीक मिळाली आणि खाजगी मराठी शाळा वाढू लागल्या. तरी सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेची आणि बहुधा दूरची. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींच्या खेड्यांत देवळाच्या मंडपात किंवा कोणाच्या पडवीत, गावच्या वर्गणीवर एखादा मास्तर मुलांना अक्षरे शिकवी. कुळाच्या आणि मुंडकाराच्या मुलाला गुरे राखणे चुकत नसे, म्हणून तेवढीही शाळा पुष्कळांच्या वाट्याला आली नाही.

भाऊसाहेब गोमंतक मराठा समाजातले. ज्यांना खालचे समजले जाई, त्यांच्यात वाढलेल्या माणसाला अपमान म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खाणीच्या धंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली आणि गरजूंना सढळ हाताने दिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या सुमाराच्या खानेसुमारीत गोव्यात दर तीन माणसांमागे सुमारे एकालाच लिहितावाचता येत होते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि २० तारखेला भाऊसाहेब गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले.

त्यांच्या सरकारने १९६४ मध्ये कुळकायदा केला आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. आम्हाला या दोन गोष्टी एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. जमिनीवरचा हक्क कागदावर लिहिलेला असतो, आणि कागद वाचता आला नाही तर तो हक्क दुसऱ्याच्या हाती राहतो.

परंतु सरकारी हुकुमाने शाळा उघडते. ती चालवतो मास्तर. पुष्कळ मास्तर आणि बाई गोव्यातल्याच होत्या, काही महाराष्ट्रातून आल्या. पेडण्याला जायचे तर होडी किंवा फेरीबोट, पुढे पायवाट. एका खोलीत चार इयत्ता. पहिलीची मुले पाटीवर अक्षरे गिरवीत असताना चौथीला गणित घालायचे आणि मधल्यांचे पाढे कानांनी ऐकायचे. घरी मुले कोंकणी बोलत, पुस्तक मराठी. म्हणून मास्तरांना आधी मुलांची बोली शिकावी लागे. डिचोलीत शिरगाव, मुळगावच्या बाजूला खाणीची लाल धूळ अंगावर घेऊन मुले येत. पावसाळ्यात लावणी सुरू झाली की निम्मा वर्ग शेतात.

शाळा सुटली तरी मास्तर सुटत नसे. गैरहजर मुलाच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालायची, मुलगी असेल तर दोनदा जायचे. कोणाचे पत्र लिहून द्यायचे, कोणाला सरकारी नोटीस वाचून दाखवायची. खानेसुमारी आली की घरोघर फिरायचे, निवडणूक आली की मतदान केंद्रावर बसायचे.

भाऊसाहेबांच्या मनात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी ३४,००० मतांच्या फरकाने नकार दिला. आयुष्यातला हा मोठा पराभव होता. तरी त्याच वर्षी लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले आणि ते वेगळ्या गोव्याचाच कारभार पाहत राहिले. या वादात कोणाचे बरोबर, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. ज्यांनी विलीनीकरणाला विरोध केला त्यांच्याही गावात शाळा हवीच होती, एवढे आम्ही नमूद करतो.

१९७१ च्या खानेसुमारीपर्यंत साक्षरांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

अलीकडे पट घटल्याने त्या खेड्यांतल्या पुष्कळ सरकारी शाळा बंद झाल्या. काही इमारतींना कुलूप आहे. त्यांत शिकलेली कुळांची मुले मात्र कारकून, परिचारिका, वकील आणि स्वतःही शिक्षक झाली. त्यांना भाऊसाहेबांचे नाव ठाऊक आहे. पहिले अक्षर हात धरून गिरवून घेणाऱ्या मास्तरांचे नाव बहुधा त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

आपल्या संडेस्कूलात दर आठवड्याला पाचसात मुलांसमोर उभे राहणाऱ्या बंधुभगिनींना आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. पुढच्या रविवारी जे मूल आले नसेल, त्याच्या घरी जाऊन यावे.